एका जिभेची साक्ष

१

"थांबा! हे कोणी तोंडाला लावू नका!"

मधुसूदन केतकरांनी ग्लास टेबलावर असा आदळला की फेस माझ्या कोऱ्या कागदावर उडाला. खरं तर थांबवायला तिथं दुसरं कोणी पीत नव्हतंच. बीअरच्या त्या कारखान्यात त्या दिवशी बीअर पिणारा माणूस एकच होता, आणि तो म्हणजे खुद्द केतकर.

हे जरा नीट सांगतो. गोष्ट १९७३ सालच्या मार्गशीर्षातली. कामठीच्या पुढे, कन्हान नदीच्या काठाला भैयाजी बोंडे यांनी बीअरचा लहानसा कारखाना काढला होता. गच्चीवर गेलं की खापरखेड्याची धुराडी दिसायची. भैयाजींचा मूळ धंदा गोळीच्या सोड्याचा. आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेला माणूस, पण डोक्यात सदा काहीतरी नवीन. "सगळे करतात तीच बीअर आपण काहून करायची?" असं म्हणून त्यांनी आधी संत्र्याच्या सालीची बीअर करवून घेतली आणि मग मोहफुलांची.

करणारा रविंद्र गजभिये. रसायनशास्त्र शिकलेला, तिशीतला, कामापुरतं बोलणारा. छप्पन साली त्याच्या वडिलांनी बौद्ध धम्म घेतला तो पंचशीलासकट, मनापासून. त्यामुळे रविंद्र बीअर नुसती तोंडात घोळवायचा आणि मोरीत थुंकायचा. गिळली कधीच नाही.

केतकर पुण्याचे. डोंगरातल्या एका जुन्या ब्रुअरीत त्यांनी उमर काढली होती. त्यांचा अभिप्राय छापून आला की हॉटेलवाले डोळे झाकून माल उचलत. म्हणूनच सीताबर्डीचे हॉटेलवाले ओमप्रकाशजी त्यांच्या शेजारी बसले होते. ते बीअर विकत, पण स्वतः शिवत नसत. राहिलो मी. एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी खाण्यापिण्यावर सदर लिहायचो. चाखायची मला फार हौस होती, पण माझ्याकडे दारूचा परवाना नव्हता आणि शेजारी बायको होती. शोभा माझी बायको, वर वकील, वर भैयाजींची कायद्याची सल्लागार. तेव्हा माझ्यापुढे सोडा ठेवला होता आणि मी त्या सोड्यावर मनापासून चिडलो होतो.

सुरुवात झकास झाली होती. संत्र्याची बीअर केतकरांनी हुंगली, घोळवली, गिळली. "सालीचा वास, बेताचा आंबटपणा, शेवटी स्वच्छ कडू. धीट बीअर आहे," ते म्हणाले, आणि रविंद्रचे कान लाल झाले. मग केतकरांनी त्यांच्या रिवाजाप्रमाणे जीभ धुतली. दोन बीअरच्या मधे ते तुळशीच्या पाण्याची चूळ भरत. तसं आधीच कळवलं होतं, म्हणून लोटा तयार होता. पाणी त्यांनी बराच वेळ तोंडात धरलं.

"तुमच्याकडची तुळस कडू आहे हो," ते थुंकून म्हणाले, आणि त्यांनी मोहाच्या बीअरचा ग्लास उचलला.

त्यानंतर तो आदळला.

"मोहाच्या फुलाचा गोडवा कुठंय? हे नुसतं कडूजहर आहे. यात मोह नाहीच, भलतंच काहीतरी कालवलंय!"

जहर हा शब्द ऐकून सगळ्यांची तोंडं उतरली. विषारी दारूनं माणसं मेल्याची बातमी त्याच आठवड्यात आमच्या पेपरात आली होती. ओमप्रकाशजी तर खुर्ची सरकवून उभेच राहिले. "मेरे होटल में कोई मर गया तो, भैयाजी?"

रविंद्रनं त्याच पिंपातली बीअर तोंडात घेतली, घोळवली, थुंकली. "साहेब, गोड आहे." कोणी ऐकेना. त्यानं पुन्हा घेतली. "गोड आहे, भैयाजी. खरंच." तिसऱ्यांदा त्याचा आवाज चिरकला.

"तू तं म्हणणारच," गोपाळराव म्हणाले. हे कारखान्याचे व्यवस्थापक, सोड्याच्या दिवसांपासून भैयाजींचा उजवा हात.

भैयाजींनी अबकारी खात्याला फोन लावला. निरीक्षक चार वाजता येतो म्हणाले.

"तोवर याले कोठीत बसवा," भैयाजी रविंद्रकडे न बघता म्हणाले. रविंद्र कोठीत गेला. बाहेरून कडी वाजली तशी शोभानं माझा दंड घट्ट धरला.

२

"फार तर काय होईल? जामीन मिळेल," मी हळूच म्हणालो.

"जामीन मिळेल. गेलेलं नाव कुठून आणणार?" शोभा म्हणाली. "दारूत विष कालवणारा म्हणून एकदा नेला की त्याला नागपुरात कोणी दारात उभं करणार नाही. कारखान्याला टाळं लागेल ते वेगळंच."

तेवढ्यात चहा आला. चहा करणाऱ्या कुसुमताई, भैयाजींच्या थोरल्या विधवा बहीण. कारखान्याला लागूनच भैयाजींचं घर, ज्याच्या दिवाणखान्यात आम्ही बसलो होतो, तिथंच त्या राहत आणि भावाच्या या धंद्याला उघड नावं ठेवत. त्यांचा चहा पाकासारखा गोड असे. शोभाला मधुमेह, म्हणून तिचा बिनसाखरेचा कप वेगळा यायचा. गोपाळराव पारशिवनीकडचे. तिच्या साखरेवर औषध म्हणून ते अधूनमधून तिकडच्या रानातली कसलीशी पानं आणून देत. आजही आल्या आल्या त्यांनी ओल्या कागदात बांधलेली पुडी तिच्या हातात दिली होती. सकाळपासून ती दिवाणखान्यातल्या टेबलावरच पडून होती.

केतकरांनी चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "इकडं चहात साखर घालायची पद्धत नाही का?"

"अरे साब, मेरा तो शरबत है!" ओमप्रकाशजी म्हणाले.

"कप बदलला असन," गोपाळरावांनी सारवासारव केली. "वकीलबाईंचा तुमच्याकडं आला असन."

केतकरांनी संत्रा बर्फीचा तुकडा तोडला, चघळला आणि बशीत परत ठेवला. "खडू," एवढंच म्हणाले. मी मनात म्हटलं, पुण्याहून आलेत, त्यांना नागपूरचं काहीच आवडायचं नाही.

शोभानं मात्र आपला कप उचलला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला. तिचा चेहरा बदलला होता.

"अहो," ती माझ्या कानाशी लागली, "माझा बिनसाखरेचा कप माझ्याकडेच आहे."

"मग?"

"मग त्यांच्याकडे कुठला आहे?" ती उठली. "केतकर खोटं बोलत नाहीत. रविंद्रही बोलत नाही. या दोघांच्या मधे कोणीतरी उभं आहे. चला, चार वाजायच्या आत तो शोधायचा आहे."

३

रविंद्र कोठीत पोत्यावर बसला होता. आम्हाला बघून उठला.

"पिंपाची चावी कोणाकडे असते?" शोभानं विचारलं.

"माह्याचपाशी, ताई. दुसऱ्या कोणापाशीच नसते." हे आपल्याच अंगावर येतंय हे कळूनही त्यानं सांगितलं. "मी काहून घालीन त्यात काही? मोह कसा निवडायचा ते भीमाबाईनं, माह्या आजीनं शिकवलं मले. फुलातले केसर राहिले तं कडू होते, म्हणून एकेक फूल हातानं साफ केलं मी. उद्यापासून भैयाजी मले कारखान्याचा मुख्य करणार होते. आजच मी त्यात विष टाकीन?"

"मुख्य? हे कोणाला माहीत होतं?"

"घरातल्या सगळ्यायले."

त्याचे डोळे भरून आले. मी खिशात रुमाल शोधू लागलो, पण शोभानं मला तिथं रेंगाळू दिलं नाही.

ओमप्रकाशजी अंगणात येरझारा घालत होते. "मैं तो ग्राहक हूँ, बहनजी. खरेदी करायची होती, आता नाही करायची. मला यात कशाला ओढता?" ते म्हणाले. खरंच, बीअर नासवून त्यांना काय मिळणार होतं? आवडली नाही तर नको म्हणायला त्यांना कोणाची परवानगी लागत नव्हती.

गोपाळराव दिवाणखान्यातच होते, केतकरांना पंख्याखाली बसवून त्यांची विचारपूस करत. शोभानं त्यांना बाजूला घेतलं.

"तुळशीचं पाणी कोणी केलं होतं हो?"

"कुसुमताईंनी." उत्तर चटकन आलं. "सकाळीच तुळस तोडून, लोट्यात टाकून देल्ली त्यायनं. मी फक्त टेबलावर आणून ठेवला. त्यायच्या हातचं म्हणजे देवाघरचंच पाणी, ताई. त्यात काही खोट नाई."

शोभानं मान हलवली. ते केतकरांकडे वळले तशी तिनं लोटा उचलला, खिडकीशी नेला, तळाची पानं हातावर घेऊन मूठ मिटली, टेबलावरची पुडी पिशवीत टाकली आणि लोटा पदराआड धरून ती स्वयंपाकघराकडे निघाली.

कुसुमताईंना या धंद्याची चीड होती हे सगळ्या कामठी रोडला ठाऊक होतं. भावाचा कारखाना बुडावा म्हणून त्यांनीच काही केलं असेल, तर शोभा ते भैयाजींना कुठल्या तोंडानं सांगणार होती?

४

कुसुमताई स्वयंपाकघरात भांडी आवरत होत्या. कालचा उपास सोडून नुकत्याच उठलेल्या.

"काय वं शोभा," त्यांनीच तोफ डागली, "माह्या तुळशीले कडू म्हणते म्हणे तो पुण्याचा?"

"ताई, लोट्यासाठी तुळस तुम्ही तोडून दिलीत?"

कुसुमताईंच्या हातातलं भांडं तिथंच थांबलं. "आज?"

"हो, आज सकाळी."

"डोकं फिरलं काय वं तुहं? काल एकादशी, आज बारस. द्वादशीले तुळस तोडते का कोणी? मी दशमीलेच पूजेपुरती काढून ठेवली. हे पाह." त्यांनी फळीवरून ओलं फडकं काढलं. आत मलूल, काळपट पडलेली तुळशीची पानं होती. "लोटा मागून नेला गोपाळनं. रिकामा. मी म्हटलं, त्याचं त्यानं पाहावं, मले नको त्या दारूचं पुण्य."

शोभानं मूठ उघडली. तिच्या हातावरची पानं हिरवीगार होती. काहींच्या कडा करवतीसारख्या, ती तुळस. बाकीची गुळगुळीत कडांची. मी हुंगून पाहिली, तुळशीचा वास त्यांना नव्हता.

मग तिनं पिशवीतून सकाळची पुडी काढली. दोऱ्याची गाठ होती तशीच होती. सोडली, तर आत तीच गुळगुळीत पानं.

"गुडमार," शोभा म्हणाली. "तोंड उघडा."

मी नवरा असल्यामुळे उघडलं. तिनं एक पान माझ्या तोंडात घातलं आणि चांगलं चावायला लावलं. कडूशार! मग कुसुमताईंच्या डब्यातली चिमूटभर साखर जिभेवर ठेवली.

वाळू! नदीकाठची वाळू तोंडात घातल्यासारखं वाटलं. मी आणखी साखर घेतली, मग गुळाचा खडा घेतला. काही नाही. गोडावर जीव असलेल्या माणसावर असा प्रसंग कधी येऊ नये. मला रडूच यायचं बाकी राहिलं.

"तासाभरात येईल परत," शोभा म्हणाली. "केतकरांचीही येईल. आंबट कळतं, कडू कळतं, फक्त गोड मरतं. म्हणून चहा फिका, बर्फी खडू आणि मोहाची बीअर जहर. बीअरला काही झालेलं नाही. जिभेला झालंय."

"माह्या नावावर?" कुसुमताईंचा आवाज चढला. "माह्या तुळशीच्या नावावर?"

"पण गोपाळराव म्हणतील, ताईंनीच दिली," मी म्हणालो. "त्यांचा शब्द आणि ह्यांचा शब्द. ते म्हणतील, पुडी टेबलावर उघड्यावर होती, कोणीही पानं घेतली असतील."

"गाठ सुटलेली नव्हती. लोट्यातली पानं पुडी आणणाऱ्यानंच स्वतःजवळ राखलेली आहेत. पण तुमचं खरं आहे, एवढ्यानं भैयाजींना पटणार नाही."

बाहेर जीपचा आवाज आला. फाटक करकरलं.

शोभानं क्षणभर डोळे मिटले. "कुसुमताई, ह्या लोट्यातलं पाणी बाटलीत काढून ठेवा. लोटा चिंचेनं घासा, साधं पाणी भरा आणि तुमची दशमीची तुळस टाका. आणि सगळ्यांना पुन्हा चहा करा." ती त्यांच्या कानाशी वाकून आणखी काही म्हणाली. कुसुमताईंनी डोळे मोठे केले, पण मान हलवली.

५

निरीक्षक टोपी मांडीवर ठेवून बसले होते. रविंद्रला समोर उभं केलं होतं. भैयाजी खिडकीबाहेर बघत होते.

"न्यायच्या आधी एक शंका फिटू द्या," शोभा म्हणाली. "केतकरसाहेबांना तुळशीचं पाणी कडू लागलं होतं. पाण्यात दोष असेल, तर रविंद्र सुटला. नसेल, तर खुशाल घेऊन जा, मी वकील म्हणून एक शब्द बोलणार नाही."

मी मागून तिचा पदर ओढला. हे काय बोलून बसली ही?

"गोपाळराव, तुमच्यावर या घराचा सगळा भरवसा. तुम्हीच चूळ भरा, मग चहा प्या आणि चव सांगा."

गोपाळरावांनी लोट्याकडे पाहिलं. आत तुळशीची पानं तरंगत होती. पाहिलं रविंद्रकडे. मग पुढे होऊन त्यांनी लोटा उचलला, पाणी तोंडात धरलं, खिडकीतून थुंकले. कुसुमताईंनी कप पुढे केला. गोपाळरावांनी घोट घेतला.

रविंद्रची बोटं पँटच्या शिवणीवर घट्ट दाबलेली मला दिसत होती.

गोपाळरावांनी दुसरा घोट घेतला. हसले.

"मस्त! कुसुमताईंचा चहा तो, नेहमीसारखाच गोड हाय. पाण्यात काई दोष नाई, साहेब."

कुसुमताई मटकन उंबऱ्यावर बसल्या.

"आता तुम्ही घ्या, भैयाजी," शोभा म्हणाली. "चूळबीळ काही नको. नुसता चहा."

भैयाजींनी घोट घेतला. कपाळाला आठी पडली. "साखर कुठं हाय यात?"

"फीकी है," ओमप्रकाशजी म्हणाले. निरीक्षकांनीही कप खाली ठेवला. मी पिऊन काही उपयोग नव्हता, माझी जीभ अजून मेलेलीच होती.

"एक दाणा नाई टाकला मी," कुसुमताई म्हणाल्या.

गोपाळराव पांढरे पडले. "म्हणजे... त्या पाण्यानं माही जीभ..."

"जीभ मेली असती तर गोड लागलं नसतं, गोपाळराव. मेल्या जिभेला फिकं लागतं, गोड नाही. आणि ती मेलेलीही नाही. लोट्यात साधं पाणी आहे. चहा तुम्हाला फिकाच लागला. पण तुम्ही समजलात, पाणी सकाळचंच आहे, साखर असूनही आपल्याला लागत नाही. म्हणून पाण्याचा दोष झाकायला गोड म्हणालात." शोभाचा आवाज जराही चढला नव्हता. "त्या पाण्यानं गोड मरतं, हे ते कालवणाऱ्याशिवाय या खोलीत कोणाला ठाऊक होतं? आम्हाला तुमच्याच पानांनी आत्ता कळवलं. मी काढा करून पिते, चावत नाही, म्हणून तुम्हाला वाटलं मला त्यातलं काही माहीत नसेल. आणि तुळशीचं खोटं सांगण्याआधी निदान तिथी तरी बघायची. या घरात आज द्वादशी आहे."

भैयाजी गोपाळरावांकडे वळले. "काहून गा, गोपाळ? काहून केलं असं?"

गोपाळरावांनी मान वर केली. "सोड्याच्या बाटल्या धुण्यापासून तुमच्यासंगं हाव मी, भैयाजी. अन् उद्यापासून मी याच्या हाताखाली?"

'याच्या' हा शब्द त्यांनी असा उच्चारला की त्यात काय काय होतं ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. रविंद्रलाही कळलं. निरीक्षकांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि गोपाळरावांना बाहेर चला म्हणाले.

६

संध्याकाळ होत आली तेव्हा केतकरांनी चिमूटभर साखर जिभेवर ठेवून पाहिली. "आली," ते म्हणाले, आणि त्यांनी मोहाच्या बीअरचा ग्लास पुन्हा मागून घेतला. या वेळी त्यांनी घोट सावकाश घोळवला.

"आधी फूल लागतं," ते शेवटी म्हणाले. "मग थोडं भाजल्यासारखं. गिळल्यावर मागे मध राहतो. अशी बीअर मी आजवर प्यायलो नाही. गजभिये, मी तुमचा अपराधी आहे."

ओमप्रकाशजींना लगेच किती पिंपं मिळतील ते हवं होतं. भैयाजींनी त्यांना हातानंच थांबवलं आणि ते रविंद्रपुढे जाऊन उभे राहिले.

"चुकलो गा, रविंद्र. माफ कर मले."

रविंद्रच्या हातात मोहाच्या बीअरचा ग्लास होता. तो त्याकडेच बघत होता.

"तुमची चूक नाई म्हणत मी, भैयाजी. पुण्याच्या साहेबांची जीभ मेली होती, हे खरं. पण माही तं जिती होती न? मी तीनदा सांगितलं, गोड आहे म्हणून. तीनदा. माह्या जिभेचं कोणी काहून नाई ऐकलं?"

भैयाजी खाली बघू लागले. केतकर खिडकीकडे. बाहेर जीप केव्हाच निघून गेली होती.

कुसुमताई उंबऱ्यावरून उठल्या. पदर खोचत सरळ रविंद्रपाशी आल्या, त्याच्या हातातला ग्लास त्यांनी आपल्या हातात घेतला आणि त्यात बोट बुडवलं.

"अवं ताई, आज बारस हाय!" भैयाजी घाबरून म्हणाले.

"असू दे." त्यांनी बोट जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. दारूचं नाव काढलं की पदर नाकाला लावणारी ही बाई.

"लहानपणी आई मोहाच्या पुऱ्या करे," त्या म्हणाल्या. "तोच गोडवा हाय. जसाच्या तसा." मग डोळे उघडून त्या रविंद्रला म्हणाल्या, "तू मलेच विचारायला पायजे होतं, बाबू. मी चाखली असती."

रविंद्रनं तोंड फिरवलं. खांदे हलले तेवढे दिसले. कुसुमताईंनी ग्लास त्याच्या हातात परत दिला आणि त्या माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही पेपरात लिहिता न? मंग लिहा. रविंद्र खरं बोलला. गोड हाय."

फेस वाळून सुरकुतलेला तो कागद मी पुढे ओढला आणि लिहिलं. त्या रविवारी माझ्या सदराची पहिली ओळ तीच होती.